बीडीडी चाळकऱ्यांना घर ‘फुकट’ मिळालं म्हणणाऱ्यांना

बीडीडी चाळी म्हणजे ब्रिटिश काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने मुंबईत बांधलेल्या भाड्याच्या चाळी. त्या पाडून तिथे टॉवर उभे राहतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय : ‘१६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचा फ्लॅट फुकट, तोही आमच्या करातून. तरी यांची रडगाणी संपत नाहीत. उद्या विकून पसार होतील.’

करातून? या पुनर्विकास योजनेचा खर्च मुख्यतः त्याच आवारातल्या विक्रीच्या घरांतून काढायचा आहे. तीन मजली चाळींत पसरलेली माणसं टॉवरमध्ये एकावर एक गेली, म्हणूनच विकायला जागा मोकळी झाली.

रडगाणी कसली, तर ‘आधी करार, मग खोली खाली’. म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या संक्रमण शिबिरांत, म्हणजे नवं घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, लोकांच्या उभ्या हयाती गेल्यात, हे मुंबईत कोणाला ठाऊक नाही? वरळीचं भूमिपूजन एप्रिल २०१७ चं. चावी यायला आठ वर्षं लागली. कागद मागणं हा शहाणपणा होता.

नवं घर वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. माझी मावशी नायगावच्या चाळीत राहिली. मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास, पहाटे बादली घेऊन रांग, आणि गुडघे गेल्यावर तर तेवढी गॅलरी चालणंही तिला शिक्षा वाटायची. घरात स्वतःचा संडास म्हणजे काय, हे तिला विचारा.

आता विकण्याचं. मावशीच्या खोलीत दोन भावांचे संसार. थोरला बायको-मुलांसह आत, धाकटा रात्री गॅलरीत पथारी टाकायचा, त्याची बायको-मुलगी पोटमाळ्यावर. खोली एक, म्हणून घरही एकच मिळणार. चाळीचं भाडं नाममात्र होतं. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, सफाई, सगळ्याचा मेंटेनन्स आज ना उद्या खिशातून द्यायचा. धाकटा कुरिअरच्या गोदामात कामाला आहे. दोघं वही घेऊन बसले की हिशोब तिथेच येतो : एकाने राहून दुसऱ्याला पैसे द्यायचे, तर ते आणायचे कुठून? आणि घर विकून वाटणी केली तर दोघांनाही दादरच्या आसपास काही परवडत नाही.

असं घर विकणाऱ्याला पसार झाला म्हणता? तो बदलापूरला जाईल आणि रोज पहाटेची लोकल पकडून इथेच कामाला येईल.