कोन्याक हे गावाचं नाव आहे, नेपोलियनने दिलेलं नाही

एक फॉरवर्ड परत फिरतोय, की कोन्याक म्हणजे डच भाषेत "जाळलेली वाईन", हे नाव नेपोलियनने ठेवलं, कुठल्याही महागड्या फ्रेंच ब्रँडीला कोन्याक म्हणायचं आणि बाटली जितकी वर्षं कपाटात ठेवाल तितकी ती भारी होते. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि शिकलेली माणसंसुद्धा बिनधास्त पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

"जाळलेली वाईन" हा अर्थ ब्रँडीचा आहे, डच ब्रांडेवाइनवरून आलेला. कोन्याक हे फ्रान्सच्या नैऋत्येला शारांत नदीकाठचं गाव, आधी मिठाच्या व्यापारासाठी ओळखलं जायचं; तिथल्या ब्रँडीला याच गावाचं नाव मिळालं. डच व्यापारी तिथली वाईन न्यायचे, पण ती हलकी, लांबच्या समुद्रप्रवासात टिकायची नाही, म्हणून ती उकळून अर्क काढायला सुरुवात झाली. डचांचा संबंध एवढाच.

नेपोलियनचा जन्म १७६९ चा. कोन्याक बनवणाऱ्या कंपन्या बघा: मार्टेल १७१५ ची, रेमी मार्टिन १७२४ ची, हेनेसी १७६५ ची. म्हणजे साहेब जन्मायच्या आधीपासून हा धंदा जोरात होता. लेबलवर "नेपोलियन" दिसतं ते किमान सहा वर्षं मुरवल्याचा दर्जा सांगायला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, "कुठलीही महागडी ब्रँडी". अजिबात नाही. १९०९ मध्ये कोन्याकच्या भागाची हद्द कायद्याने आखली गेली, १९३६ मध्ये नावाला अधिकृत संरक्षण मिळालं. शेजारच्या गॅस्कनीतली आर्मान्याक ही ब्रँडीसुद्धा फ्रेंच, तीही द्राक्षांचीच, तरी तिला कोन्याक म्हणता येत नाही. कोन्याकसाठी मुख्यतः उन्यी ब्लांक द्राक्षं, त्यांची वाईन आंबट आणि कमी अल्कोहोलची, नुसती प्यायला काही खास नाही, पण तीच तांब्याच्या भट्टीत दोनदा चढवतात, दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधलाच ठेवतात, तो साधारण ७० टक्के अल्कोहोलचा निघतो, आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत उरकावं लागतं. मग किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. एवढी मेहनत त्या नावामागे आहे हो! कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून विकला की आपल्याला राग येतो ना, तसंच हे. नाशिकच्या द्राक्षांची ब्रँडी कितीही चांगली बनली तरी ती ब्रँडीच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

राहिली कपाटातली बाटली. मुरणं होतं ते फक्त लाकडात, काचेत गेली की वय थांबलं. दहा वर्षं मुरलेली कोन्याक आजोबांच्या कपाटात अजून चाळीस वर्षं राहिली तरी ती दहाचीच. लेबल वाचा: व्हीएस म्हणजे किमान दोन वर्षं, व्हीएसओपी चार, एक्सओ २०१८ पासून दहा, आणि हा आकडा मिश्रणातल्या सगळ्यात तरुण कोन्याकचा असतो. आणि बाटली एकदा उघडली की मात्र वर्षानुवर्षं ठेवू नका, वास उडत जातो.