पॉवर बटण दाबूनही फोन फास्टबूटवरच येत असेल, तर रिसेट का मारू नये

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पावसात वारज्याहून हिंजवडीला जाताना गाडीच्या होल्डरला लावलेला तुमचा फोन अचानक बंद झाला आणि फास्टबूटच्या स्क्रीनवर, म्हणजे सुरू होता होता मध्येच थांबतो त्या स्क्रीनवर, गेला. माझ्या आधीच्या लेखात लिहिल्याप्रमाणे पॉवर बटण दाबून धरलं, तर तो फिरून तिथेच आला. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात ‘रिसेट मारू, दहा मिनिटांत होईल’ असं सांगितलं. तेव्हा मी ‘वाइप डेटाला, म्हणजे याच रिसेटला, हात लावू नका’ म्हणून लोकांना उगाच घाबरवतो, आणि एवढं पाल्हाळ लावण्यापेक्षा कंपनीनुसार बटणांचा तक्ता दिला असता तर काम झालं असतं, असं तुमचं म्हणणं.

रिसेट अजून मारला नसेल तर कृपया थांबा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात रिसेटने बरं होण्यासारखं काहीच दिसत नाही.

पॉवर दाबल्यावर सर्वांत आधी जागा होतो तो प्रोसेसरमध्येच कोरलेला छोटासा प्रोग्रॅम, बूट रॉम. तो बूटलोडर, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणारा प्रोग्रॅम, लोड करतो. बूटलोडर मग तीन गोष्टी तपासतो: कुठली बटणं दाबलेली आहेत, ‘या वेळी अमुक मोडमध्ये जा’ अशी खूण मिस्क नावाच्या पार्टिशनवर (स्टोरेजच्या एका कप्प्यात) कुणी ठेवली आहे का, आणि बूट पार्टिशनची सही जुळते का. तिन्ही ठीक असेल तरच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू होतो आणि त्याच्या मागून अँड्रॉइड. तुमचे फोटो, चॅट, ॲप्स ज्यात असतात ते यूजरडेटा पार्टिशन उघडायची पाळी अगदी शेवटी येते. फास्टबूट म्हणजे हा बूटलोडरच, पुढे न जाता थांबलेला. म्हणजे ती स्क्रीन दिसत असताना फोनने तुमच्या डेटाकडे अजून ढुंकूनही पाहिलेलं नसतं. ‘वाइप डेटा’ पुसतो तो हाच डेटा. बटण अडकलेलं असेल किंवा बूट पार्टिशन बिघडलेलं असेल, तर रिसेटनंतरही ते तसंच राहणार. फोटो जातील आणि फोन परत फास्टबूटवर येईल.

शिवाय हा डेटा परत मिळत नाही. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं आहे आणि रिसेटमध्ये त्याच्या किल्ल्याच नष्ट होतात. नंतर कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरने हाती काही लागत नाही. व्हॉट्सॲपचा फोनवरचा बॅकअप जातो, आणि ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड सिंक केलेले नसतील तर तेही जातात. वर, रिकव्हरीतून (दुरुस्तीच्या वेगळ्या मेनूतून) रिसेट मारला की फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही व्यवस्था आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर ते खातं दुकानदाराने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. मग चालू होणारा फोनही पेटीबंद होऊन बसतो. यात घाबरवणं नाही, हा ‘दहा मिनिटांच्या’ कामाचा खरा हिशोब आहे.

आता तुमच्या फोनबद्दल. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, पण फास्टबूटच्या स्क्रीनवरचा बारीक मजकूर नीट वाचलात का? पिक्सेलमध्ये तिथे ‘एंटर रीझन’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ‘कॉम्बो की’ असेल तर फोन सरळ सांगतोय की बटणं दाबलेली दिसली म्हणून मी इथे आलो. ‘नो व्हॅलिड स्लॉट टू बूट’ असेल तर बटणांचा संबंध नाही, सुरू करता येईल अशी सिस्टिमच त्याला सापडलेली नाही. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनवर ‘फास्टबूट रीझन’ अशी ओळ येते आणि पुढे ‘व्हॉल्यूम डाउन की प्रेस्ड’ किंवा ‘फॉल-थ्रू फ्रॉम नॉर्मल बूट मोड’ असं काही तरी असतं. पहिलं म्हणजे बटण. दुसरं म्हणजे नेहमीच्या वाटेने सुरू व्हायचा प्रयत्न झाला, तो फसला. शाओमीच्या स्क्रीनवर मात्र नुसतं ‘फास्टबूट’ लिहिलेलं असतं, कारण दिलेलं नसतं. तिथे आपल्यालाच शोधावं लागतं.

तुमच्या बाबतीत माझा संशय पहिल्यापासून आवाज कमी करायच्या बटणावर आहे. गाडीच्या होल्डरचे जबडे फोनच्या कडा जिथे पकडतात तिथेच बऱ्याच फोनची पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं असतात. खड्ड्यांतून जाताना दोन्ही एकदम दहा-पंधरा सेकंद दाबली गेली की अनेक फोन सक्तीने रिस्टार्ट होतात, आणि आवाजाचं बटण तसंच दाबलेलं राहिलं तर थेट फास्टबूटमध्ये जातात. त्यात पावसाचं पाणी बटणाखाली शिरलं, तर हात काढल्यावरही आतला संपर्क तुटत नाही. बूटलोडरच्या दृष्टीने बटण अजून दाबलेलंच असतं, मग पॉवर बटण कितीही वेळा दाबून धरा, तो मुकाट्याने फास्टबूटवरच येणार. आधीच्या काही दिवसांत आवाज आपोआप शून्यावर जाणं, नको तेव्हा स्क्रीनशॉट निघणं, फोन अधूनमधून सेफ मोडमध्ये सुरू होणं, यातलं काही झालं होतं का? ही तिन्ही कामं त्याच बटणाची.

तपासायला सोपं आहे. कव्हर काढा. टीपीयूचं (मऊ प्लास्टिकचं) कव्हर जुनं झालं की कडक होतं आणि नुसतं त्यानेही बटण दाबलेलं राहतं. आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं आळीपाळीने दाबून क्लिक सारखा लागतो का ते बघा. एक बोथट, आत बसल्यासारखं वाटत असेल तर नखाने त्याची कड चारही बाजूंनी हलकेच सैल करा. पाणी गेलेलं असेल तर फोन बंद करून पंख्याखाली एक रात्र उभा ठेवा. फास्टबूटच्या मेनूत ‘पॉवर ऑफ’ असेल तर तिथूनच बंद करा. तांदळात ठेवू नका, त्याचा बारीक कोंडा फटींत आणि चार्जिंगच्या खाचेत जातो. हेअर ड्रायरही नको, उष्णतेने पाठीचा गोंद सुटतो आणि वाफ आणखी आत ढकलली जाते.

कॉम्प्युटर असेल तर यापेक्षा पक्की चाचणी करता येते. गूगलच्या साइटवरून प्लॅटफॉर्म-टूल्स हा छोटा टूलसंच उतरवा, फोन केबलने जोडा आणि कमांड विंडोत ‘फास्टबूट डिव्हाइसेस’ ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत द्या. फोनचा क्रमांक दिसला तर जोडणी झाली. यादी रिकामी आली, किंवा पुढची कमांड ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’वर अडली, तर बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते किंवा विंडोजमध्ये ड्रायव्हर नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अँड्रॉइड’पुढे पिवळा त्रिकोण दिसतो, तिथे गूगलचा यूएसबी ड्रायव्हर टाका आणि शक्यतो यूएसबी २.० चं पोर्ट वापरा. मग फोनला हात न लावता ‘फास्टबूट रिबूट’ द्या. फोन परत फास्टबूटवर आला तर ‘फास्टबूट कंटिन्यू’ देऊन बघा. या दोन कमांडमधला फरक महत्त्वाचा आहे. रिबूटमध्ये बूटलोडर पहिल्यापासून सुरू होतो आणि बटणं नव्याने तपासतो. कंटिन्यूमध्ये तो आहे तिथूनच पुढे कर्नलकडे जातो. रिबूटने अडणारा फोन कंटिन्यूने सुरू झाला, तर सिस्टिम धडधाकट आहे आणि दोष बटणात किंवा मिस्कमधल्या खुणेत आहे, हे जवळपास ठरलं. तसा सुरू झाला की दुसरं काही करू नका, आधी सगळ्याचा बॅकअप घ्या. बॅकअपनंतर ‘ऑन-ऑफ स्ट्रिप’ बदलून घ्या, दुकानात हाच शब्द चालतो. मदरबोर्डच्या मानाने हे किरकोळ काम आहे. फक्त काचेच्या पाठीचा फोन असेल तर पाठ तापवून उचलावी लागते आणि पाण्यापासूनचं सील जातं. ते नव्याने लावून मागा.

कंटिन्यूनेही सुरू झाला नाही तर बूट पार्टिशन, अर्धवट बसलेलं अपडेट किंवा स्टोरेजची चिप यांच्याकडे बघावं लागतं. ए आणि बी असे दोन स्लॉट, म्हणजे सिस्टिमच्या दोन जागा, असलेल्या फोनमध्ये नवं अपडेट रिकाम्या स्लॉटमध्ये बसतं. ते ठराविक प्रयत्नांत सुरू झालं नाही तर बूटलोडर जुन्या स्लॉटवर परततो, आणि दोन्ही निकामी ठरले की फास्टबूटवर थांबतो. म्हणून आदल्या दिवशी अपडेट टाकलं होतं का, हा प्रश्न दुकानदाराने विचारला नाही तरी तुम्हीच सांगा.

आता बटणांचा तक्ता. तो मी मुद्दाम दिला नाही. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतोच, डाउनलोड मोड असतो. तिथून बाहेर पडायला आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर ही दोन्ही सात सेकंदांहून जास्त दाबून धरायची. शाओमी किंवा पिक्सेलवर हीच जोडी फास्टबूटमध्ये नेते. एकाच्या बाहेर पडायची किल्ली ती दुसऱ्याच्या आत जायची. तक्त्यातली ओळ चुकली की माणूस तासभर आत-आतच फिरत राहतो. शाओमीत फक्त पॉवर दाबायचं, सहसा १० ते १५ सेकंद, आणि स्क्रीन काळी होऊन फोन थरथरला की लगेच सोडायचं. पिक्सेल आणि मोटोरोलात आवाजाच्या बटणांनी ‘स्टार्ट’ निवडून पॉवरने मान्य करायचं. मेनूच हलत नसेल किंवा आपोआप पळत असेल, तर पिक्सेलचं पॉवर ३० सेकंद दाबा. आणि मेनूचं हे वागणं स्वतःच अडकलेल्या बटणाचा पुरावा आहे. सॅमसंगच्या निळसर इशाऱ्याच्या स्क्रीनवर ‘कंटिन्यू’ किंवा ‘कॅन्सल’ विचारलं असेल तर आवाज कमी करायचं बटण एकदा दाबलं की फोन रिस्टार्ट होतो.

रिकव्हरी हा निराळा मुक्काम आहे, आणि दुकानातला रिसेटचा सल्ला लागू पडतो तो इथे, तोही कधीकधीच. ‘नो कमांड’ लिहिलेला, आडवा पडलेला अँड्रॉइडचा रोबो दिसला तर घाबरू नका: पॉवर दाबून धरून आवाज वाढवायचं बटण एकदा दाबा, मेनू उघडतो. तिथे ‘रिबूट सिस्टम नाऊ’. ‘कान्ट लोड अँड्रॉइड सिस्टम’ असा संदेश आणि खाली ‘ट्राय अगेन’ व ‘फॅक्टरी डेटा रिसेट’ असे दोन पर्याय आले, तर ‘ट्राय अगेन’ एकदा नव्हे, तीन-चारदा करा. चार्जिंग पुरेसं असू द्या. मग पिक्सेलसारख्या फोनवर ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ने तेवढंच किंवा त्याहून नवं पूर्ण ओटीए (अपडेटची फाइल) कॉम्प्युटरवरून बसवता येतं. त्यात डेटा जात नाही, बूट आणि सिस्टिम मात्र नव्याने लिहिली जाते. जुनं व्हर्जन फोन नाकारतो. कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबलेला दिसला तरी केबल उपटू नका. तो आकडा अंदाजे असतो, निकाल फोनच्या स्क्रीनवर बघायचा. एवढं सगळं करूनही लोगोनंतरचं ॲनिमेशन फिरतच राहिलं, तर मात्र यूजरडेटाच बिघडलेला असू शकतो. तेव्हा रिसेट हाच उपाय आहे, आणि तो मीही सांगेन.

आयफोनला असलं काही होत नाही, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. होतं. स्क्रीनवर केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र आलं की तो रिकव्हरी मोड. आयफोन ८ पासून पुढे आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण ॲपलचा लोगो येईपर्यंत धरून ठेवा. नाही निघाला तर कॉम्प्युटरला जोडून ‘अपडेट’ निवडा. ‘रिस्टोअर’ नको, त्यात डेटा जातो. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली तर फोन रिकव्हरीतून आपणहून बाहेर पडतो. तेव्हा डाउनलोड संपू द्या आणि मग बटणांची कृती पुन्हा करा.

राहिला तपकीर गल्लीचा प्रश्न. तिथे उत्तम कारागीर आहेत, मायक्रोस्कोपखाली आयसी बदलणारे हात आहेत. पण ‘सॉफ्टवेअर मारतो’ म्हटल्यावर नेमकं काय मारणार ते विचारणं हा तुमचा हक्क आहे. शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. घाईत तसंच बटण दाबलं की डेटा तर जातोच, शिवाय बूटलोडर लॉक होतो. फोन चीनच्या बाजारासाठीचा आणि टाकलेला रॉम (फोनची सिस्टिम) ग्लोबल असेल, तर पुढे ‘हे व्हर्जन या फोनवर टाकता येत नाही’ अशा संदेशावर तो अडकतो. जुनं व्हर्जन टाकायला गेलं आणि फोनमध्ये अँटी-रोलबॅक, म्हणजे मागच्या व्हर्जनवर जाऊ न देणारी व्यवस्था, असेल, तर स्क्रीन काळी पडते आणि कॉम्प्युटरवर नुसतं ‘क्वालकॉम ९००८’ दिसतं. तिथून मागे यायला कंपनीचं अधिकृत खातं लागतं.

तेव्हा आज कव्हर काढून बटण तपासा, पंख्याखाली ठेवा, उद्या सकाळी कंटिन्यू करून बघा. मॉडेलचं नाव आणि स्क्रीनवरच्या ओळी जशाच्या तशा इथे लिहा, पुढचं मी सांगतो. सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आलीच, तर जॉबशीटवर ‘विचारल्याशिवाय डेटा पुसू नये’ असं लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो दुसऱ्या फोनवर काढून ठेवा.