मामा, आधी कानस खाली ठेव

रविवारी सकाळी मामाचा फोन आला. "अगं, कॉम्प्युटरची रॅम, ती मेमरीची पट्टी, नव्या मदरबोर्डात बसत नाहीये. खाच सात-आठ मिलिमीटर चुकतेय. फॉरवर्ड होऊन आलेल्या त्या मेसेजमध्ये लिहिलंय तशी नवी पाडून घेतो. फक्त सांग, त्रिकोणी कानस लावू की हॅक्सॉ?"

मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होता. तो हे गमतीत विचारत नव्हता. मी म्हटलं, "मामा, आधी कानस खाली ठेव," आणि ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकल गाठली. वर्तकनगरला पोचेपर्यंत तो मेसेज तीनदा वाचून झाला होता आणि डोकं तापलं होतं.

तुमच्याकडेही आला असेल. "जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका! फक्त मदरबोर्ड बदला, ३५०० रुपयांत दहा वर्षं बघायला नको!" (मदरबोर्ड म्हणजे ज्यावर बाकीचे सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड.) खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. तारीख सारखी मागे जात असेल किंवा मशीन रखडत असेल तर मदरबोर्ड गेला समजा. कुठलाही नवा बोर्ड घ्या, जुना प्रोसेसर बसतो. रॅम अडली तर खाच पाडा. पॉवर सप्लाय जुनाच चालतो, प्रोसेसरची वायर कमी पडली तर ग्राफिक्स कार्डाची लावा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची थर्मल पेस्ट नसेल तर टूथपेस्ट. जुन्या डिस्कवरचं विंडोज लायसन्ससकट आपोआप चालू होतं. आणि नवा बोर्ड लागला की विंडोज ११ आलंच. शेवटी, "एका सीनियर हार्डवेअर इंजिनिअरचा सल्ला". इंजिनिअरचं नाव नाही. असतं तर मी वर्तकनगरऐवजी त्याच्याच घरी गेले असते.

खाचेपासून सुरुवात करते, कारण तिथे खरंच कानस लागली होती.

मामाने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर जुन्या मशीनचे भाग ओळीने मांडलेले, स्क्रू वाटीत, शेजारी व्हर्नियर. नव्या बोर्डात डीडीआर४ रॅमची जागा आणि मामाच्या हातात २०१३ सालची, आधीच्या पिढीची डीडीआर३ ची पट्टी. दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्याच, १३३.३५ मिलिमीटर. त्यामुळे पट्टी वरून धरली की बरोबर वाटते आणि दाबायला गेलं की मधेच अडते. माणसाला वाटतं, थोडक्यात राहिलं.

थोडक्यात काहीच राहिलेलं नाही. मेमरीची मापं जेडेक नावाची संस्था ठरवते आणि जगातले सगळे रॅमवाले, बोर्डवाले तीच पाळतात. डीडीआर३ चं मानक २००७ चं, डीडीआर४ चं २०१२ चं. डीडीआर३ ला २४० संपर्क (पट्टीच्या कडेचे सोनेरी पट्टे), डीडीआर४ ला २८८. तेवढ्याच लांबीत जास्त बसवायचे म्हणून दोन संपर्कांमधलं अंतर १ मिलिमीटरवरून ०.८५ वर आणलं. खाच पाडून पट्टी आत गेली तरी पहिला संपर्क पहिल्यावर असेल, तर दहावा भलत्याच ठिकाणी. त्यात व्होल्टेज वेगळं. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२. आणि नवी खाच पाडायची कुठे? सोनेरी पट्ट्यांमधून. म्हणजे दोन-तीन संपर्क आधीच कापून टाकायचे आणि मग विचारायचं, चालू का होत नाही?

एवढं सांगूनही मामाच्या चेहऱ्यावर "पण घासून बघायला काय जातंय" असंच होतं. तेहतीस वर्षं जे अडलं ते घासूनच बसवलेलं. मग मी त्याच्याच कारखान्यात शिरले.

"मामा, ऑक्सिजनच्या आणि ॲसिटिलीनच्या नळीला आटे कसे असतात?"

"ॲसिटिलीनला उलटे."

"का?"

"एकाची नळी चुकून दुसऱ्याला लागू नये म्हणून..." तो थांबला. हातातल्या पट्टीकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "म्हणजे ही खाच मुद्दाम हलवलीय?"

"मुद्दाम."

कानस डब्यात गेली. पुढचा अर्धा तास मामाने मेसेज लिहिणाऱ्याचा जो उद्धार केला तो इथे छापता येणार नाही. "आटे बसत नाहीत म्हणून टॅप फिरवून नवे पाडा, असं सांगणारा माणूस आमच्या शॉपमध्ये असता तर फोरमनने गेटबाहेर काढला असता," एवढं मात्र छापण्यासारखं आहे.

हेच पॉवरच्या वायरीचं. खाच पाडून फार तर रॅम मरते. इथे धूर निघू शकतो. प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग लांबून जुळे भाऊ दिसतात. जवळ घ्या. प्रोसेसरच्या प्लगात ४ पिवळ्या वायरी आणि ४ काळ्या. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड. ग्राफिक्सच्या प्लगात ३ पिवळ्या, ५ काळ्या. आणि एकात पिवळ्या खटक्याच्या बाजूला, तर दुसऱ्यात खटक्याच्या विरुद्ध बाजूला. एकाच्या जागी दुसरा घातला की १२ व्होल्ट थेट ग्राउंडला. चांगला सप्लाय असेल तर तो शॉर्ट ओळखून स्वतः बंद पडेल. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या सप्लायकडून ही अपेक्षा ठेवू नका. हा प्लग सहजी आत जाऊ नये म्हणून पिनांची घरं काही चौकोनी, काही कोपरे कापलेली अशी वेगवेगळी केलेली असतात. आणि मेसेज म्हणतो, "थोडा जोर लावा."

(सप्लायच्या वायरींचे रंग हल्ली सगळ्या कंपन्या पाळत नाहीत, सगळ्या काळ्याच येतात. तेव्हा प्लगावर छापलेलं वाचा. आणि सप्लायचं खोकं उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसून असू शकतात.)

अर्धं खरं काय, तर जुन्या सप्लायला प्रोसेसरसाठी फक्त ४ पिनांचा प्लग असला आणि बोर्डावर ८ ची जागा असली, तर ४ पिनांचा प्लग त्याच्या अर्ध्या जागेत बसतो आणि कमी वॅटचा प्रोसेसर सहसा त्यावर चालतो. हे मेसेजवाल्याला माहीत असतं तर ग्राफिक्सची वायर आलीच नसती.

"कुठलाही बोर्ड घ्या, जुना प्रोसेसर बसतो." मामाचा प्रोसेसर इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५, सॉकेट (म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) ११५५. दुकानातून आणलेला बोर्ड एच६१०, सॉकेट १७००. नावातच संपर्कांची संख्या आहे, तीही जुळत नाही. मामाने हे मापून काढलं होतं, त्याचं कौतुक. प्रोसेसर ३७.५ मिलिमीटरचा चौकोन आणि सॉकेट ३७.५ गुणिले ४५. "एका बाजूला साडेसातची फट राहतेय, म्हटलं शिम घालावी लागेल." शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी! नशीब, रॅम आधी हातात घेतली. इंटेलच्या हल्लीच्या बोर्डात पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या. वर चुकीचा प्रोसेसर ठेवून दांडी दाबली की त्या वाकतात आणि वॉरंटी संपते.

बरं, पिना मोजून सारख्या निघाल्या म्हणून बसेलच असंही नाही. इंटेलची सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचं सॉकेट ११५१ च. तरी आठव्या पिढीसाठी २०१७ मध्ये नव्या ३०० मालिकेच्या चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचे) बोर्ड घ्यावे लागले. जुन्या बोर्डांना आठवी पिढी चालत नाही. म्हणून बोर्ड घेण्याआधी बघायची जागा एकच, ती म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरची त्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी. त्यात तुमचा प्रोसेसर नाव-नंबरासह असेल तरच खिशात हात घाला. स्टेशनजवळच्या ज्या दुकानातून मामाने साडेसहा हजारांना बोर्ड घेतला तिथे "प्रोसेसर कुठला आहे?" एवढा प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. (३५०० चे साडेसहा हजार कधी झाले, हा प्रश्न मामालाही पडला नाही.)

इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असणाऱ्यांच्या बाबतीत तर मेसेज बरोबर उलटा आहे. २०१७ चा एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर बऱ्याचदा बोर्ड ठेवून प्रोसेसर बदलता येतो. २०२२ मध्ये एएमडीने सुरुवातीच्या ३०० मालिकेच्या बोर्डांवरही रायझन ५००० या नव्या प्रोसेसरांना वाट करून दिली. बोर्डवाल्याने त्या मॉडेलसाठी नवं बायॉस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) काढलं असेल तर तेवढं आधी चढवायचं.

टूथपेस्ट दात घासायला. वाळली की उष्णता नेत नाही. पुढे.

विंडोजचं काय? इथे मला थोडं मागे यावं लागतं. विंडोज १० आणि ११ बोर्ड बदलल्यावरही पुष्कळदा सुरू होतात, ड्रायव्हर शोधतात, दोनदा रीस्टार्ट होतात आणि चालतात. मी स्वतः पाहिलंय. पण लायसन्स डिस्कवर बसलेलं नसतं. ते त्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं, आणि मदरबोर्डसारखा मोठा बदल केला की विंडोजला लायसन्स सापडेनासं होऊ शकतं, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच आपल्या मदतपानावर सांगतं. बोर्ड काढण्याआधी लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. मशीनबरोबर आलेलं असेल तर ते बहुधा त्या मशीनबरोबरच जातं. शिवाय जुनी डिस्क जुन्या बायॉस पद्धतीने बनवलेली असेल तर नव्या बोर्डांपैकी काहींना तिच्यावरून सुरूच होता येत नाही. आधी ती रूपांतरित करावी लागते. आणि विंडोज ११? त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर ठेवा, त्या यादीत तो येत नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही माझ्यासाठीही वाईट बातमी आहे, पण बोर्डाने ती बदलत नाही.

आता मेसेज जिथे खरा आहे ते सांगून टाकते, नाहीतर म्हणाल दुकानदाराची बाजू घेतेय. कॅबिनेट खरोखर जुनंच चालतं. एटीएक्स हे माप १९९५ पासूनचं आहे आणि स्क्रूंची भोकं अजून तिथेच आहेत. सॅटाची (त्या नावाच्या केबलने जोडायची) डिस्क चालते. इंटेलचा कूलर ११५५ पासून १२०० सॉकेटपर्यंत त्याच भोकांत बसतो. १७०० ला भोकं ७५ वरून ७८ मिलिमीटरवर गेली. आणि बोर्ड खरंच मेला असेल तर जुन्या सॉकेटचे एच६१ बोर्ड अजूनही बाजारात मिळतात. ते घेतलेत तर जुना प्रोसेसर, जुनी रॅम, सगळं जसंच्या तसं बसतं. फक्त त्याला दुरुस्ती म्हणायचं. वेग वाढत नाही, कारण प्रोसेसर तोच. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास रॅमचे भाव भडकल्यापासून लोकांना जुनी रॅम वाचवावीशी वाटतेय, हेही समजतं. ती वाचवायची तर तिच्या पिढीचा बोर्ड घ्यावा लागतो.

राहिला पहिला मुद्दा, ज्याच्यामुळे हा सगळा रविवार गेला. "तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्ड गेला." मामाच्या मशीनवर रोज सकाळी १ जानेवारी २०१२ उजाडायचा. बँकेची साइट उघडायची नाही, कारण तिचं सर्टिफिकेट कॉम्प्युटरच्या मते अजून जन्मलेलंच नव्हतं. सोसायटीच्या मेंटेनन्सची एक पावती तर २०१२ ची तारीख पडून निघाली आणि सभेत त्यावरून वादही झाला. मामाने हे मला आधी सांगितलं असतं तर फोनवरच संपलं असतं.

जुना बोर्ड वर्तमानपत्रावर होताच. त्यावरचा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा नसलेला गोल सेल नखाने उचलला. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मल्टिमीटर लावला तर दीड व्होल्टसुद्धा दाखवेना. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायॉसच्या सेटिंग्ज सांभाळणं एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. नाक्यावरच्या घड्याळजीकडून चाळीस रुपयांत नवा आणला. मामाने सगळं परत जोडलं, माझ्यापेक्षा नीट, वायरी बांधून. तारीख घातली, बंद केलं, प्लग काढला, चहा केला, परत लावलं. आजचीच तारीख.

रखडण्याचं कारण जुनी ५०० जीबीची फिरती डिस्क. आठवड्याभराने तिच्या जागी २५६ जीबीची सॅटा एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) लावली. मामाच्या एच६१ च्या बोर्डाला सॅटाचा जुना, अर्ध्या वेगाचाच पोर्ट आहे, तरी मशीन चालू होऊन काम सुरू करायला जिथे मामाचा चहा संपायचा तिथे आता आधण येत नाही.

एच६१० बोर्ड दुकानदार परत घेत नाही, खोकं उघडलं म्हणतो. क्रेडिट नोट देतो म्हणाला, तीही सहाशे कापून. तेव्हा ठाण्यात-नवी मुंबईत कुणाला डीडीआर४ चा एच६१० हवा असेल तर सांगा. पावती आहे, सॉकेटवरची टोपी परत लावलीय, पिना सरळ आहेत. कानशीचा जो ओरखडा आहे तो मामाच्या रॅमवर आहे, बोर्डावर नाही.