'यूट्यूब फुकट असताना पैसे कशाला?' या फॉरवर्डला उत्तर

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला आणि चौथ्यांदा देवगडच्या एका आंबा बागायतदाराने पाठवला. त्यांची वेबसाइट मी सांभाळतो आणि तिच्यावरचा व्हिडिओ आम्ही व्हिडिओ होस्टिंगवर, म्हणजे पैसे घेऊन व्हिडिओ साठवून दाखवणाऱ्या सेवेवर, ठेवलाय. मेसेजखाली त्यांचा एकच प्रश्न होता : 'मग आपण दर महिन्याला कसले पैसे भरतो?'

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. यूट्यूब फुकट आहे, तेव्हा व्हिडिओ होस्टिंगला पैसे देणं म्हणजे ते पाण्यात घालणं. यूट्यूब गूगलचंच, म्हणून तिथला व्हिडिओ चिकटवला की तुमची साइट सर्चमध्ये वर येते. यूट्यूब नको असेल तर फाइल थेट आपल्या सर्व्हरवर टाका, होस्टिंग 'अनलिमिटेड' असतंच. पैसे घेणारे फक्त प्लेअरचा रंग आणि लोगो बदलून देतात. आणि शेवटी, काहीही करा पण व्हिडिओ आजच लावा, विक्री ८० टक्के वाढते.

लिहिणारा अगदीच अडाणी नाही. त्याचं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात.

आधी 'फुकट'. चॅनेल उघडायला, व्हिडिओ चढवायला यूट्यूब एक पैसा घेत नाही, हे खरं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी जूनपासून इतर देशांत त्यांनी अटी बदलल्या. तुमचं चॅनेल त्यांच्या कमाईच्या कार्यक्रमात नसलं, तरी तुमच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. त्या जाहिरातीतून तुम्हाला काही मिळत नाही. कोणती जाहिरात लागेल, हेही तुमच्या हातात नाही. समजा, पैठणी विकणाऱ्या बाईंनी आपल्या साइटवर माग चालतानाचा व्हिडिओ लावलाय. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत आलंय, पदरावरचा मोर बघायला वाकलंय, आणि त्याच क्षणी त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या साड्यांचा सेल येऊ शकतो. यात बेकायदा काही नाही. फुकटाचा भाव तो आहे, एवढंच.

व्हिडिओ संपल्यावर 'हेही पाहा' म्हणून जी रांग लागते, ती बंद करायला कोडमध्ये 'रेल=०' (rel=0) लिहा, असा सल्ला अजून दिला जातो. तो सप्टेंबर २०१८ मध्येच शिळा झाला. तेव्हापासून तसं लिहिलं तरी रांग जात नाही. फक्त तिच्यात तुमच्याच चॅनेलचे व्हिडिओ येतात. चॅनेलवर मालाच्या व्हिडिओशेजारी नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेल, तर गिऱ्हाइकाला केक दिसेल. (हसू नका, मी पाहिलेलं आहे.) काही डिझायनर प्लेअरवर पट्टी टाकून यूट्यूबचं नाव झाकतात. प्लेअरवर काहीही आच्छादन घालायला यूट्यूबच्या नियमांत मनाई आहे.

लिंक असेल त्यालाच दिसणारा 'अनलिस्टेड' व्हिडिओ म्हणजे खाजगी, असंही अनेकांना वाटतं. लिंक एका शिष्याने दुसऱ्याला पाठवली की फी घेऊन चालवलेला हार्मोनियमचा वर्ग सगळ्या गावाचा होतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये यूट्यूबने सुरक्षेचं कारण देऊन २०१७ पूर्वी चढवलेले असे व्हिडिओ आपोआप खाजगी केले. मालकाने मुदतीत नकार कळवला नसेल, तर वर्षानुवर्षं चाललेल्या पानांवर काळी चौकट उरली. पैसे घेणाऱ्या बऱ्याच सेवांत व्हिडिओ फक्त आपल्याच डोमेनवर (साइटच्या पत्त्यावर) चालेल असं कुलूप लावता येतं. शिकवणी विकणाऱ्याने निदान एवढ्यासाठी तरी पैसे मोजावेत.

आता सर्च. यूट्यूबचा व्हिडिओ चिकटवला म्हणून गूगल तुमचं पान वर नेत नाही. गूगलमध्ये तो व्हिडिओ सापडला, तरी बहुतेकदा दिसतं ते यूट्यूबचं पान. गिऱ्हाईक तिथेच जातं आणि तिथेच रमतं. दुसरीकडे, 'व्हिडिओ आमच्याकडे ठेवा, मग गूगलमध्ये तुमचंच पान दिसेल' असं होस्टिंग विकणारे सांगतात, तेही पूर्ण खरं नाही. डिसेंबर २०२३ पासून गूगलच्या व्हिडिओ विभागात अशीच पानं येतात, जिथे व्हिडिओ हाच मुख्य मजकूर आहे. उत्पादनाच्या पानावर कोपऱ्यात लावलेला व्हिडिओ कुठेही होस्ट केला, तरी त्या विभागात येण्याची आशा धरू नका.

'फाइल थेट सर्व्हरवर टाका' हा सल्ला मात्र मला स्वतःला भोवलेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. याच बागायतदारांचा पहिला व्हिडिओ मी असाच लावला होता. आढी कशी लावतात, पेटी कशी भरतात, असा दीड मिनिटाचा ऐवज. फोनवर काढला, तसाच चढवला, फाइल १९० एमबी. एप्रिलात, ऐन हंगामात, कुणीतरी लिंक मुंबईच्या दोन-तीन सोसायट्यांच्या ग्रुपांवर टाकली. हिशेब तोंडी करता येतो : दोन हजार लोकांनी पूर्ण पाहिला तर ३८० जीबी. 'अनलिमिटेड' शब्दाखाली बारीक अक्षरांत 'वाजवी वापर' लिहिलेलं असतं. होस्टिंगवाल्याने साइट बंद केली. ऑर्डरचा फॉर्मही त्याच साइटवर होता. दीड दिवस फोनवरून पेट्या लिहून घेतल्या.

चूक माझीच होती. फाइल दाबून ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) आणली असती, तर ती ४५ एमबी झाली असती. पण तेवढ्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण साधी एमपीफोर फाइल सगळ्यांना एकाच आकाराची मिळते. दादरमध्ये फायबरवर बघणाऱ्याला ती चालते. कणकवलीच्या पुढे एसटीत बसलेल्याला चक्र फिरताना दिसतं. व्हिडिओ होस्टिंग इथे खरं काम करतं. एकाच व्हिडिओच्या तीन-चार दर्जांच्या प्रती करायच्या, प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि रेंज कमी-जास्त होईल तसा पुढचा तुकडा हलका किंवा जड द्यायचा. यूट्यूबही हेच करतं. तुमचा सर्व्हर आपणहून करत नाही.

याची किंमत किती? क्लाउडफ्लेअर स्ट्रीम या व्हिडिओ होस्टिंग सेवेचा दर मला माहीत आहे तो असा : हजार मिनिटं साठवायला महिना ५ डॉलर, हजार मिनिटं दाखवायला १ डॉलर. दीड मिनिटाचा व्हिडिओ दोन हजार जणांनी शेवटपर्यंत पाहिला, तर तीन हजार मिनिटं, म्हणजे ३ डॉलर. साठवणूक धरून ८ डॉलर, सातशे रुपयांच्या आसपास. व्हिमिओ, विस्टिया या दुसऱ्या सेवांचे दर वेगळे, सोयी जास्त. छुपा खर्चही सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत. बिल डॉलरमध्ये येतं. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपण स्वतः, १८ टक्के जीएसटी भरायचा असतो. त्याचं क्रेडिट कसं मिळेल ते सीएला विचारा. आणि ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जायला आधी वेगळी मंजुरी लागते. ती नसली की पैसे अडकतात आणि बिल थकलं की व्हिडिओ बंद पडतो. जमलं तर वर्षाचे एकदम भरा.

राहिला 'फक्त रंग आणि लोगो'. रंगाला मीही महत्त्व देत नाही. गिऱ्हाईक बटणाच्या रंगावरून आंबा घेत नाही. व्हिडिओ पाहण्याआधी ईमेल मागणारी चौकट तर मी कुणालाच लावून देत नाही. आपल्याकडे लोक ईमेल लिहीत नाहीत, पान बंद करतात. कामाची गोष्ट म्हणजे काही सेवांत व्हिडिओच्या शेवटच्या चौकटीत 'पेटी सांगा' असं बटण घालता येतं आणि ते सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर नेतं. कुठल्या सेकंदाला लोक उठून गेले, तेही कळतं. हा आलेख यूट्यूबही देतं, पण साइटवरचं गिऱ्हाईक आणि चॅनेलवर भटकत आलेला प्रेक्षक त्यात वेगळे काढायला खटपट करावी लागते. आमचे लोक विसाव्या सेकंदाला जायचे. तोपर्यंत कलमांची बाग आणि बासरी चालू होती. आंबा पस्तिसाव्या सेकंदाला यायचा. आम्ही बासरी काढली.

८० टक्क्यांचं काय? हा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय. या मेसेजमध्ये तो कुठल्या धंद्याचा, कुणी मोजला, कशाच्या तुलनेत, यातलं काही नाही. बासरीवाल्या व्हिडिओने काय वाढवलं असतं, देव जाणे.

यूट्यूब सोडा, असं माझं म्हणणं नाही. बागेतली फवारणी, आमरसाची कृती, हे सगळं अनोळखी माणसाने शोधून पाहावं असं असेल, तर ते तिथेच हवं. पहिल्या पानावर मागे हलणारं सहा-सात सेकंदांचं मुकं दृश्य असेल, तर त्याला यूट्यूबही नको आणि होस्टिंगही नको. दोन-तीन एमबीची फाइल सर्व्हरवर बिनधास्त ठेवा. ते मुकंच ठेवा, कारण २०१८ पासून क्रोम आवाज असलेला व्हिडिओ सहसा आपोआप सुरू होऊ देत नाही. पैसे मोजायचे ते ऑर्डरच्या पानावरच्या एका व्हिडिओसाठी.

बागायतदारांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, 'ते ठीक आहे, पण व्हिडिओत मी गेल्या वर्षीचा भाव बोललोय, त्याचं काय?' यूट्यूबवर चढवलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. नवा व्हिडिओ, नवी लिंक, पुन्हा शून्यापासून. आमच्या व्हिडिओ होस्टिंगवर जुनी काढून नवी तिथेच ठेवता येते. त्यांनी सोमवारी भाव नव्याने बोलून पाठवलाय.