तापीकाठच्या माणसाने समुद्रावर का लिहू नये?

नमस्कार भाऊ,

सुरतेच्या जहाजांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. औरंगजेब बादशहाच्या गंज-इ-सवाई या जहाजाच्या लुटीचं साल चुकलंय, आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे जहाजांना पैसे घेऊन दिलेला परवाना, ही निव्वळ खंडणी होती, आणि, तुमचेच शब्द, "खान्देशातल्या माणसाने केळी-कापसावर लिहावं, समुद्र कोकणावर सोडावा."

सालाचं मान्य. 1695 चं 1659 पडलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ते तिसरं वाक्य काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही. मुद्दा मांडायला गाव काढावं लागतं का? सुरत कोणत्या नदीवर आहे, भाऊ? तापीवर. आमच्या चोपड्याच्या खालून वाहते तीच. बुऱ्हाणपूरचं कापड सुरतेला जायचं ते रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर या वाटेने. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए सतराव्या शतकात याच वाटेने गेला आणि मुक्कामांची नावं लिहून ठेवली. ते कापड पुढे इराण-तुर्कस्तानपर्यंत पोचायचं. सुरतेची जहाजं कापड घेऊन येमेनमधल्या मोख्याला जायची, सोनंचांदी घेऊन परतायची. अशा परतीच्या वाटेवर हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशहाचं गंज-इ-सवाई लुटलं, तेव्हा सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं गेलं. औरंगजेबाने दाब आणला, म्हणून पुढे इंग्रज, डच आणि फ्रेंच यांना लाल समुद्र, इराणचं आखात अशा वाटा वाटून घेऊन मोगली जहाजांच्या सोबतीला आपली जहाजं द्यावी लागली. ही राखण कोणासाठी चालली होती? फक्त किनाऱ्यावरच्या नाखव्यांसाठी? त्या गाठोड्यांत आमच्याकडच्या विणकरांचे हात होते.

आणि माझं विचारता, तर मी 22 वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत. 2009 साली एडनच्या आखातातून काफिल्याने गेलो. कठड्यांना काटेरी तार, पाण्याचे होस रात्रभर चालू, दूरवर आपल्या नौदलाची युद्धनौका. घरी आईला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. ती फोनवर कापूस वेचणीचं बोलत होती आणि मी "हो, हो" म्हणत होतो. सोबतीची युद्धनौका दिसेनाशी झाली की पोटात काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तुम्ही कधी लाल समुद्राच्या तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी ओलांडली आहे का? नसेल तर निदान भाषा तरी जपा.

दस्तकाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, मीही एकच लिहितो: पोर्तुगीजही त्यांचा कार्ताझ, म्हणजे असाच परवाना, नसलेली जहाजं धरत होते, त्याला तुम्ही खंडणी म्हणत नाही. त्यावर आत्ता वाद घालत बसायला मला वेळ नाही.

पुढच्या वेळी गाव काढू नका, चूक दाखवा. सालाची दाखवलीत तशी.