नोंदणीनंतर येणाऱ्या फोनचं काय?
‘अल्पसंख्याक समाजांत जागृती नाही म्हणून अस्थिमज्जादाते मिळत नाहीत’ हे अस्थिमज्जादानावरच्या (हाडांतला रक्त तयार करणारा गर दान करण्यावरच्या) लेखातलं वाक्य मला अर्धवट वाटलं. दाता म्हणून नोंदणी करताना गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घ्यायला शिबिरात रांग लागते, मीही त्या रांगेत होतो. खरा पेच पुढे आहे. तीन वर्षांनी मला ‘एका रुग्णाशी तुमचं जुळतंय’ असा फोन आला, तेव्हा आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. मणक्यात सुई घालतात, पाय जातात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. अहो, मणक्याचा संबंधच नाही! बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूळपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) हाताच्या शिरेतून, रक्तातूनच गोळा करतात. मज्जा काढायचीच झाली तर कमरेच्या हाडातून, भूल देऊन. हे तिला पटेपर्यंत आठवडा गेला, आणि तो आठवडा कुणा रुग्णाचा होता.

२०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के निघाली, आफ्रिकन-अमेरिकन रुग्णाला १९ टक्के. अशा रुग्णाशी जुळणाऱ्या दात्यांच्या यादीत कधी कधी एकच नाव असतं. तो ‘नाही’ म्हणाला की यादी संपली. त्यातही प्रत्यारोपणाच्या तयारीत रुग्णाची स्वतःची मज्जा केमोनं संपवल्यावर दाता मागे फिरला, तर रुग्णाच्या जिवावरच बेततं. म्हणून शिबिरात आई-वडिलांना, नवरा-बायकोलाही बसवा, आणि आधी दान केलेल्या आपल्याच समाजातल्या कुणाला तरी त्यांच्यासमोर बोलू द्या.