वोर्प्सवेडेचे चित्रकार निवांत नव्हते

जर्मनीतल्या वोर्प्सवेडे या खेड्याबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. सोबत बहुधा ओटो मोडरझोनचं एखादं चित्र असतं: काळं पाणी, पांढऱ्या खोडांची बर्चची झाडं, खाली उतरलेले ढग. मजकूर सांगतो की काही चित्रकारांनी शहराला आणि बाजाराला रामराम ठोकला, माणसाचा हात न लागलेल्या निसर्गात जाऊन राहिले, समोर दिसेल ते रंगवलं आणि आयुष्यभर एका कुटुंबासारखे सुखात नांदले. मोडरझोन माझा फार आवडता चित्रकार आहे, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी तो हात न लागलेला निसर्ग. ब्रेमेन शहराजवळच्या या दलदलीचं नाव टॉयफेल्समूर, म्हणजे सैतानाची दलदल. अठराव्या शतकात युर्गेन क्रिस्टियान फिन्डोर्फ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तिथे चर खणून पाणी काढलं गेलं आणि वस्त्या बसवल्या गेल्या. चित्रांत सरळ रेषेत जाणारं काळं पाणी दिसतं, ते हेच चर आणि कालवे. शेतकरी दलदलीतला पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापायचे, वाळवायचे आणि काळपट शिडांच्या होड्यांतून जळण म्हणून ब्रेमेनला विकायला न्यायचे. त्या वस्तीकरांची म्हण आहे: पहिल्याला मरण, दुसऱ्याला हलाखी, तिसऱ्याला भाकरी. भाकरीपर्यंत पोचायला तीन पिढ्या लागत होत्या. चित्रातली होडी नुसती शोभेची म्हणून पाहिली, की त्या पिढ्यांचा घाम पुसला जातो.

बाजाराला रामराम ठोकल्याची गोष्टही खोटी. मोडरझोन आणि फ्रिट्झ माकेन्सेन ड्युसेलडोर्फच्या कला अकादमीत शिकलेले. १८८९ मध्ये हान्स आम एंडे या चित्रकारासह ते वोर्प्सवेडेत राहिले आणि १८९४ मध्ये या मंडळींनी रीतसर संघ काढला. १८९५ मध्ये ब्रेमेनच्या प्रदर्शनात त्यांचं फारसं स्वागत झालं नाही. त्याच वर्षी म्युनिकला मात्र माकेन्सेनला सुवर्णपदक मिळालं आणि मोडरझोनचं दलदलीतल्या वादळाचं चित्र तिथल्या नॉये पिनाकोथेक संग्रहालयानं विकत घेतलं. खेड्यातल्या या चित्रकारांना नाव मिळालं ते शहरात, आणि त्यात कमीपणा कसला? चित्रकारालाही घर चालवायचं असतं.

'समोर दिसेल ते रंगवलं' हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. मोडरझोन उघड्यावर काम करायचा, हे खरं. पण संध्याकाळी घरी बसून छोट्या कागदांवर तो आठवणीतून आणि कल्पनेतून रचना करायचा. असे कागद शेकडो आहेत. झाड कुठे उभं राहील, उजेड कुठून फुटेल, हे तिथे ठरत होतं. दिवसभर पाहायचं आणि रात्री त्यातलं काय ठेवायचं ते निवडायचं, ही मेहनत होती.

आणि ते सुखी कुटुंब! १८९९ मध्येच मोडरझोन आणि ओव्हरबेक, फोगेलर हे त्याचे सोबती चित्रकार संघातून बाहेर पडले. १९०० च्या जूनमध्ये मोडरझोन पॅरिसला गेलेला असताना इकडे त्याची पत्नी हेलेन वारली. पदरात दोन वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी त्यानं पाउला बेकर या चित्रकर्तीशी लग्न केलं. कवी रिल्केनं १९०३ मध्ये वोर्प्सवेडेवर पुस्तक लिहिलं, त्यात पाच पुरुष चित्रकार आहेत आणि पाउला नाही. आज त्या गावातून जगभर पोचलेलं सर्वांत मोठं नाव तिचंच आहे. तिला गाव अपुरं पडत होतं. ती पुन्हा पुन्हा पॅरिसला जायची आणि १९०६ मध्ये तर नवऱ्याला सोडूनच गेली. तो तिच्यामागे पॅरिसला गेला, १९०७ मध्ये दोघं परतली, नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली आणि अठरा दिवसांनी पाउला वारली. एकतीस वर्षांची होती.

ज्या गावात हा मजकूर मोडरझोनला जन्मभर सुखात बसवतो, ते गाव त्यानं १९०८ मध्ये सोडलं. जवळच्याच फिशरहूडे गावी तो राहायला गेला, तिसऱ्यांदा लग्न केलं आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चित्रं काढत राहिला.